जुना कोट, नवी ओळख

इंग्लंडात १९५३-५४ नंतरच्या काही वर्षांत कित्येक नृत्यगृहांच्या दारांवर एक पाटी झळकू लागली. एडवर्डकालीन पेहराव आणि जाड रबरी तळव्यांचे बूट घालून येणाऱ्यांस आत प्रवेश मिळणार नाही, असा त्या पाटीचा आशय असे. हा पेहराव ज्या तरुणांनी केला होता, त्यांनी तो बव्हंशी शनिवारच्या रात्री याच नृत्यगृहांत मिरवण्यासाठी केला होता. तरुणींच्या नजरेत भरावे म्हणून मोठ्या हौसेने शिवून घेतलेल्या कोटाने, तरुणी ज्या दालनात होत्या त्याच दालनाचे दार बंद करून टाकले!

जुन्या काळचा पेहराव करणारा पुरुष स्त्रीला आकर्षक वाटतो काय, वाटत असल्यास कशामुळे, आणि त्या पेहरावामुळे झालेली ओळख पुढे जाते की तेथेच अडते, या प्रश्नांचा विचार करू लागले म्हणजे ही पाटी हटकून आठवते. अशा जुन्या कपड्यांना हल्ली ‘विंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द द्राक्षाच्या मद्यावरून आलेला. तेव्हा मुरलेपणाची एक ऐट त्यात आहेच. परंतु मद्य मुरते ते बाटलीत, आणि कोट घालून माणसाला चारचौघांत वावरावे लागते. अडचण येथूनच सुरू होते.

त्या इंग्रज तरुणांची हकीकत थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात इंग्लंडच्या गादीवर होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रख्यात रस्त्यावर काही कारागिरांनी त्या राजाच्या काळची बेतणी पुन्हा काढली. लांब, अंगासरशी बसणारा कोट, मखमली गळपट्टी, नक्षीदार जाकीट आणि निमुळती विजार असा तो थाट होता. तो होता राजाच्या शरीररक्षक पलटणींतील तरुण अधिकारी आणि त्यांच्यासारखे खानदानी लोक यांच्यासाठी. पण दोनचार वर्षांतच दक्षिण आणि पूर्व लंडनमधील मजुरांच्या मुलांनी तो उचलला. त्यांनी कोट आणखी लांब केला, विजार आणखी आवळली, पायांत क्रेप रबराचे जाडजूड बूट चढवले, गळ्यात बुटाच्या नाडीसारखा टाय बांधला आणि डोक्यावरचे केस तेल लावून मागच्या बाजूस बदकाच्या शेपटीसारखे वळवले. सरदारपुत्रांनी हे पाहताच तो पेहराव टाकून दिला. १९५३ च्या सप्टेंबरात ‘डेली एक्स्प्रेस’ या पत्राने ‘एडवर्ड’चे ‘टेडी’ केले आणि ‘टेडी बॉय’ हे नाव कायमचे चिकटले.

कित्येक आठवड्यांची मजुरी घालून मुलांनी असला कोट का शिवावा, याचे उत्तर युद्धकाळात आहे. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण होते. कूपन असल्याखेरीज कोट मिळत नसे, आणि हे नियंत्रण १९४९ च्या मार्चपर्यंत टिकले. मधल्या काळात कापड वाचवण्यासाठी सरकारने पुरुषांच्या विजारीच्या पायाशी असणारी दुमडसुद्धा बंद केली होती, कोटाचे खिसे मोजून दिले होते. असल्या काटकसरीत लहानाचे मोठे झालेल्या मुलाने गुडघ्याकडे झेपावणारा कोट अंगावर घातला, की त्यातील प्रत्येक जादा वीत कापड बोलत असे. माझ्यापाशी आहे, मी ते उधळू शकतो, आणि उद्या कारखान्यात जाईन तेव्हा जाईन, आज मात्र मी कोणाचा नोकर नाही, असे ते कापड सांगे. त्या पिढीतील तरुणीलाही ते कळत होते, कारण तीही त्याच कूपनांवर वाढली होती.

परंतु तोच कोट वर्तमानपत्रांनी निराळ्या रीतीने वाचला. १९५३ च्या जुलैत क्लॅपहॅम कॉमन या मैदानाजवळ तरुणांच्या टोळीने १७ वर्षांच्या एका मुलाचा खून केला आणि त्या खटल्याच्या बातम्यांत पेहरावाची चर्चा गुन्ह्याच्या बरोबरीने झाली. पुढे १९५८ साली नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले झाले, त्यांत टेडी बॉयही होते. तेव्हा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. पण दंगलीत भाग घेणारा आणि केवळ नाचायला आलेला, दोघांचा कोट एकच असल्यामुळे पाटी दोघांनाही लागू पडली. टी. आर. फायव्हेल या लेखकाने १९६१ साली या मुलांवर एक पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच या अपराध्यांना ‘असुरक्षित’ म्हटले आहे. ते विशेषण कोटाच्या लांबीचेही बरेच स्पष्टीकरण देते.

या सर्व गदारोळात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजलेला केन रसेल त्या वेळी छायाचित्रकार होता. १९५५ साली त्याने लंडनच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या भागांत ‘टेडी गर्ल्स’ची छायाचित्रे काढली. पुरुषी बेताचे, मखमली गळपट्टीचे कोट घातलेल्या, हातात बारीक मिटलेली छत्री घेतलेल्या त्या कामकरी मुली पडक्या भिंतींपुढे उभ्या आहेत. त्यांच्या मुद्रेवर कोणाचे लक्ष वेधून घेण्याची धडपड दिसत नाही. कोट ज्यांना दाखवायचा, त्यांनीच तो स्वतः घालून टाकला होता! ही छायाचित्रे पुढे दशकानुदशके विस्मरणात गेली आणि २००५ च्या सुमारास पुन्हा उजेडात आली.

पुरुषाने कपड्यांची फार निगा राखली की लोक त्याच्याकडे साशंकपणे का पाहतात, याचा ऊहापोह जे. सी. फ्लुगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली ‘कपड्यांचे मानसशास्त्र’ या विषयावरील आपल्या ग्रंथात केला आहे. त्याच्या मते अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुरुषाने सौंदर्यावरचा आपला हक्क सोडून दिला. तोवर रेशीम, झालरी, फिती, उंच टाचा हे सारे पुरुषाचेही होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर समतेचे आणि उद्योगीपणाचे वारे वाहिले. देखणे दिसण्यापेक्षा उपयुक्त दिसणे हा पुरुषाचा धर्म ठरला आणि नटण्याचे काम स्त्रीकडे गेले. फ्लुगेलने याला पुरुषाचा महान त्याग म्हटले आहे. त्याला स्वतःला तो त्याग पसंत नव्हता. १९२९ साली लंडनात पुरुषांच्या पोशाखाची सुधारणा करण्यासाठी जो पक्ष निघाला, त्यात तो सामील होता. जुना कोट घालणारा आजचा पुरुष हा त्याग अर्धामुर्धा मोडतो. त्याला नटायचे असते. पण नटलो असे म्हणवून घ्यायचे नसते. ‘मी नटत नाही, केवळ १९३५ साली कोट जसे असत तसा कोट घालतो,’ असे म्हणण्याची सोय इतिहास त्याला करून देतो.

हा त्याग महाराष्ट्रात आला तो इंग्रजी कोटाबरोबर, आणि बराच उशिरा. पेशवाईतल्या सरदाराच्या कानात भिकबाळी आणि गळ्यात मोत्यांचा कंठा असे, आणि त्यात कोणाला बायकीपणा दिसत नसे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या संस्थानांत पगडीच्या बांधणीवरून माणूस कोणत्या दरबारचा हे दुरून ओळखू येई. ते सारे गेले. तथापि एक दिवस उरला आहे. एरवी कचेरीत सदरा-पँट घालणारा तरुण लग्नाच्या दिवशी फेटा बांधतो, अंगरख्याच्या बेताचा डगला घालतो, खांद्यावर उपरणे टाकतो, आणि वधूला तो मुळीच वेषांतर केल्यासारखा दिसत नाही. याचे कारण मांडवात सापडते. सभोवार पन्नास फेटे असतात, नऊवारी असते, नथी असतात. तोच तरुण तोच फेटा बांधून दुसऱ्या दिवशी एकटा बसच्या रांगेत उभा राहिला, तर लोक त्याला शूटिंग कोठे चालले आहे असे विचारतील. जुन्या पेहरावाला साथ लागते. जो पुरुष साथीवाचून, रोजच्या रोज तो करतो, त्याचा प्रश्न म्हणूनच अवघड असतो.

टेडी बॉयचा कोट बेताने जुना होता, पण शिवलेला नवाच होता. खरोखरीचे जुने, कोणाच्या तरी अंगावरून उतरलेले कपडे घालणे ही पुरुषांच्या बाबतीत पूर्वी गरिबीची खूण होती. तिचे भूषण झाले १९६० नंतरच्या दशकात. लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर ‘लॉर्ड किचनरचा खिदमतगार’ अशा अर्थाचे खट्याळ नाव धारण करणारे एक दुकान होते. तेथे साम्राज्याच्या काळचे लष्करी डगले विकत. १९६६ साली लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवादकाने तसलाच जरीच्या गोफांनी मढवलेला घोडदळाचा डगला घातला आणि तो डगला जगभर प्रसिद्ध झाला. हेंड्रिक्स कृष्णवर्णी होता आणि काही काळ अमेरिकेच्या छत्रीधारी सैन्यात साधा शिपाई होता. गोऱ्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा डगला त्याच्या अंगावर आला तेव्हा दोहोंचे अर्थ बदलले. त्या वेशातील ओढ या विसंगतीत होती. हाच डगला एखाद्या निवृत्त कर्नलाने घातला असता, तर कोणीही मान वळवून पाहिले नसते.

कपड्यावरून पुरुषाची पारख होते, हे तर प्रयोगांनीही दिसले आहे. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे जॉन मार्शल टाउनसेंड आणि त्यांचे सहकारी गॅरी लेव्ही यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणींना पुरुषांची छायाचित्रे दाखवली. तेच पुरुष कधी खाद्यगृहातील नोकराच्या गणवेशात, तर कधी झोकदार कोट आणि महागडे घड्याळ अशा थाटात होते. दिसायला सामान्य असलेला पुरुष चांगल्या कोटात आला, की गणवेशातल्या देखण्या पुरुषापेक्षा तो अधिक पसंत पडे. निष्कर्ष कोणालाही फारसा सुखावणारा नाही. पण येथे ध्यानात घेण्याजोगे असे की, त्या छायाचित्रांत कपड्याचा अर्थ उघड होता: हा नोकर, तो श्रीमंत. जुन्या कोटाचा अर्थ असा चटकन लागत नाही. कोपरावर कातड्याचे ठिगळ असलेला ट्वीडचा कोट घालणारा मनुष्य प्राध्यापक आहे, नट आहे, जमीनदाराचा नातू आहे, की जुन्या बाजारात स्वस्तात खरेदी करणारा कारकून आहे? पाहणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. ते थांबणे हाच जुन्या पेहरावाचा सारा लाभ आहे. कुतूहल जागे होते आणि विचारायला एक प्रश्न आयता मिळतो. जेथे अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी याच चिंतेने अर्धे लोक गप्प राहतात, तेथे हा लाभ थोडा नव्हे.

मात्र कोट अंगाला बसला पाहिजे. ब्रिटन आणि तुर्कस्तानातील काही संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात एकाच पुरुषाची, चेहरा पुसट केलेली छायाचित्रे लोकांना काही सेकंदच दाखवली. सूट जवळजवळ सारखेच होते. एक मापाने शिवलेला, दुसरा दुकानातून तयार घेतलेला. मापाच्या सुटातला पुरुष लोकांना अधिक आत्मविश्वासाचा आणि अधिक यशस्वी वाटला. जुन्या कपड्यांच्या शौकिनांची येथेच फसगत होते. अस्सल १९४० सालचा कोट सापडल्याच्या आनंदात तो खांद्यांतून ओघळतो आहे, याकडे त्यांचे लक्ष जात नाही. बाजारात टिकून राहिलेले जुने कपडे बहुधा लहान मापाचे असतात. कापड आजच्या सुटापेक्षा पुष्कळ जड असते. आणि काखेतल्या अस्तराला कोणा अनोळखी पूर्वजाच्या घामाचा वास असतो, तो डांबरगोळ्यांच्या वासात मिसळून भलताच उग्र होतो. कसरीने पाडलेली भोके रफू करता येतात. शिवणीत आत राखलेले जादा कापड असेल तर कोट उसवून सैल करता येतो. नसेल तर कोणताही शिंपी काही करू शकत नाही. वासाविषयी तर एकच सांगता येईल, की दहा फुटांवरून केलेले सगळे आकर्षण दोन फुटांवर नाहीसे करण्याची शक्ती त्यात आहे.

दोन फुटांवर आल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते, ती संभाषणाची. तरुणी विचारते, “कोट सुंदर आहे. कोठून मिळवला?” यापुढे दोन वाटा आहेत. एक वाट अशी, की तो मनुष्य गळपट्टीची रुंदी, गुंड्या कशाच्या, १९३८ आणि १९४८ यांच्या खांद्यांतील फरक असे अर्धा तास सांगत राहतो. त्याला बोलके करणाऱ्या कोटाने तोवर त्याला गिळून टाकलेले असते. दुसरी वाट म्हणजे दोन वाक्यांत कोटाची गोष्ट सांगून तो तिच्याविषयी काही विचारतो. ज्या पुरुषांना जुन्या पेहरावात ‘प्रेक्षणीय’ होण्याची सवय लागते, त्यांना ही दुसरी वाट कठीण जाते, कारण कौतुक तर रोज होत असते. वाटेत लोक थांबवतात, छायाचित्र काढू का विचारतात, आजोबांची आठवण झाली म्हणतात. पण कौतुक करणाऱ्यांतून घरी फोन करणारी एकही नसते. पुतळ्याकडे लोक पाहतात, त्याच्याशी बोलत नाहीत.

आणि एक शंका बहुतेक स्त्रियांच्या मनात येते, ती त्या बोलून दाखवतीलच असे नाही. याने १९५० सालचा कोट घातला आहे. बायकोविषयीची कल्पनाही १९५० सालचीच आहे काय? ‘मॅड मेन’ या २००७ साली सुरू झालेल्या अमेरिकन दूरदर्शनमालिकेने १९६० च्या दशकातील सडसडीत सूट पुन्हा लोकप्रिय केले; परंतु त्याच मालिकेत त्या सुटांतले पुरुष कचेरीतल्या स्त्रियांशी कसे वागत, हेही निर्भीडपणे दाखवले आहे. सूट घेणाऱ्याने दोन्ही पाहिले असतील, तर ते दोन्ही पाहणारी तरुणी मनात हिशेब करणारच. न्यूयॉर्कचे वाद्यवृंदप्रमुख डँडी वेलिंग्टन नित्य जुन्या थाटाच्या पोशाखात वावरतात, आणि ते कृष्णवर्णी आहेत. ज्या काळचे सूट त्यांना प्रिय आहेत, त्या काळी अमेरिकेतील पुष्कळशा ठिकाणी त्यांच्यासारख्याला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. पेहरावाची शैली जुनी घ्यावी, मूल्ये जुनी घेऊ नयेत, अशा अर्थाचे घोषवाक्य त्यांनी जुन्या पेहरावाच्या शौकिनांत रुजवले. स्त्रियांच्या दृष्टीने तर ते घोषवाक्य फार आधी यायला हवे होते. दार उघडून धरणे, खुर्ची ओढून देणे, टोपी उतरवणे हे रिवाज आजही अनेकींना आवडतात. पण उपाहारगृहातील बिल कोणी द्यायचे, यावर चर्चासुद्धा नको म्हणणारा पुरुष त्याच टोपीखाली असेल तर टोपीचे मोल उतरते.

हल्ली मोबाइल फोनवरील ॲपमधून ओळखी होतात, तेथे जुन्या पेहरावाची मोठी कुचंबणा होते. एका छायाचित्रात मनुष्य जाकीट, साखळीचे घड्याळ आणि टोपी यांसह अवतरला, की पाहणारीला तो नाटकातला वाटतो. साधा सदरा घालून छायाचित्र दिले, तर प्रत्यक्ष भेटीच्या वेळी ती दचकते. जाणकार शौकीन दोन्ही प्रकारची छायाचित्रे देतात. त्यातून काही जणी गळतात; पण त्या पहिल्या भेटीनंतर गळण्यापेक्षा आधीच गळालेल्या बऱ्या.

या सर्व अडचणी जेथे बऱ्याच अंशी सुटतात अशी एक जागा मात्र आहे, आणि ती पुन्हा नृत्यगृहच आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ ते १९५८ या काळात सॅव्हॉय बॉलरूम हे दालन होते. अमेरिकेत सर्वत्र वर्णभेद असताना तेथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत. तेथे लिंडी हॉप हा जोडीचा नाच वाढला. फ्रँकी मॅनिंग हा त्याचा थोर नर्तक. नाचाची लाट ओसरल्यावर त्याने कित्येक वर्षे टपालखात्यात नोकरी केली, आणि १९८० नंतरच्या दशकात नव्या पिढीतील तरुण त्याला शोधत आले तेव्हा पुन्हा शिकवू लागला. तो २००९ साली वारला. स्वीडनमधील हेरेंग या लहानशा गावी १९८२ पासून या नाचाचे उन्हाळी शिबिर भरते आणि जगभरचे लोक तेथे जमतात. जुने कपडे तेथे मांडवातल्या फेट्यांसारखे घोळक्याने असतात. त्यामुळे कोणी कोणाला शूटिंग कोठे आहे असे विचारत नाही.

शिवाय तेथे कपड्यांना काम असते. चांगल्या जुन्या कोटाचा मुंढा काखेलगत, वर बेतलेला असतो. म्हणून हात उंच केला तरी सगळा कोट हाताबरोबर वर चढत नाही. आजच्या तयार कोटाचा मुंढा खाली असतो, आणि त्यात हात उचलला की कोट कानाशी येतो. जुनी विजार कमरेच्या वर, बेंबीपाशी बसते आणि गॅलिसने धरलेली असते. त्यामुळे कितीही गिरक्या घेतल्या तरी सदरा बाहेर येत नाही. पुढच्या चुण्यांमुळे पाय मोकळे पडतात. संग्रहालयाच्या काचेआड ज्या गोष्टी केवळ ‘त्या काळची पद्धत’ म्हणून पाहिल्या जातात, त्या येथे कशासाठी होत्या हे तीन मिनिटांत कळते, आणि जोडीला नाचणाऱ्या स्त्रीलाही ते कळते.

या नाचाचा रिवाज असा, की गाणे बदलले की बहुधा जोडी बदलते. स्त्रियाही पुरुषांना नाचायला बोलावतात. नको असल्यास हसून नाही म्हणता येते आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. गाणे जेमतेम तीन-चार मिनिटांचे, तेव्हा कोटाविषयी अर्धा तास बोलायला सवडच नसते. तेवढ्या वेळात त्या पुरुषाचा हात ओढतो की आधार देतो, तो जोडीदारणीच्या पावलांकडे लक्ष देतो की भिंतीवरच्या आरशाकडे, हे तिला समजलेले असते. मुरलेले नर्तक पिशवीत दोन-तीन जादा सदरे आणतात. दर तासाला भिजलेला सदरा बदलायचा, तोंडावर पाणी मारायचे, आणि कोट खुंटीवर ठेवून नुसत्या गॅलिसवर पुन्हा फरशीवर यायचे, हा त्यांचा क्रम असतो. रात्र चढत जाते तसतसे खुंट्यांवर कोट वाढत जातात, आणि पहाटे पुष्कळ जण ते शोधत फिरत असतात.